छातीवरील मुक्या माराने हृदयाला होणाऱ्या दुर्मीळ इजा: निदान आणि उपचार

छातीवर मुका मार बसलेल्या रुग्णाचा श्वासमार्ग, श्वसन आणि रक्ताभिसरण सावरताच १२ लीडचा ईसीजी (हृदयाच्या विद्युत लहरींचा आलेख) काढावा आणि रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाचा स्नायू दुखावल्यावर वाढणारे प्रथिन) तपासावे. दोन्ही नॉर्मल असतील, तर हृदयाला गंभीर इजा असण्याची शक्यता फारच कमी उरते. केवळ उरोस्थी (छातीच्या मधले हाड) मोडली म्हणून हृदयही दुखावले असे धरू नये. सीके-एमबी या रक्तातील विकराची तपासणी मागवण्यात अर्थ नाही, कारण ते इतर स्नायूंच्या इजेनेही वाढते.

रक्तदाब टिकत नसेल किंवा हृदयाच्या ठोक्यांतील नवी अनियमितता थांबत नसेल, तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा. छातीवरून चित्र स्पष्ट दिसत नसल्यास तो अन्ननलिकेतून करावा. मात्र एका इकोवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. दोन खालच्या कप्प्यांमधील पडद्याचा ठेचलेला भाग काही दिवसांनी कुजून फुटू शकतो, आणि आदल्या दिवशी नसलेला मर्मर (ठोक्यांसोबत येणारा जादा आवाज) उरोस्थीच्या डाव्या कडेला खणखणीत ऐकू येतो. म्हणून स्टेथोस्कोप रोज लावावा. ट्रायकस्पिड झडप (हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) फाटलेला रुग्ण वर्षानुवर्षे हिंडता-फिरता राहू शकतो. महाधमनीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) झडप फाटली, तर मात्र फुप्फुसांत झपाट्याने पाणी साचते आणि शस्त्रक्रिया लांबवता येत नाही. अशा रुग्णाला बलून पंप (महाधमनीत फुगा फुगवून हृदयाला आधार देणारे यंत्र) लावू नये, त्याने उलटा प्रवाह वाढतो.

ईसीजीत एसटी हा भाग उंचावलेला (हृदयविकाराच्या झटक्यासारखी खूण) दिसला, की गुठळी विरघळवणारे औषध देण्याचा मोह आवरावा. माराने हृदयधमनीचा आतला थर फाटलेला असू शकतो आणि शरीरात अन्यत्र रक्तस्रावही चालू असू शकतो. त्यामुळे आधी अँजिओग्राफी (हृदयधमन्यांत रंगद्रव्य सोडून घेतलेले चित्र) करावी आणि स्टेंटचा (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीचा) निर्णय डोके व पोटातील इजा पाहूनच घ्यावा.

हृदयावरणात (हृदयाभोवतीच्या पिशवीत) रक्त साचले तरी, बरेच रक्त गेलेल्या रुग्णाच्या मानेच्या शिरा फुगतीलच असे नाही. सुईने रक्त काढणे हा तात्पुरता उपाय आहे. गुठळ्या सुईतून येत नाहीत, छाती उघडावीच लागते. सर्वात चकवणारी इजा म्हणजे हृदयावरणच फाटणे: सोनोग्राफीत हृदयाभोवती काहीच दिसत नाही, कारण रक्त डाव्या छातीत उतरते आणि छातीत घातलेल्या नळीतून वाहत राहते. त्या फटीतून हृदय बाहेर सरकले, तर रुग्णाला कुशीवर वळवताच रक्तदाब कोसळतो आणि पूर्ववत केल्यावर सावरू शकतो. असे दिसल्यास रक्तदाब ज्या स्थितीत सावरतो त्याच स्थितीत त्याला ठेवून शल्यचिकित्सकांना तातडीने बोलवावे.