पेरणीआधी युरियाचा हिशोब करून घ्या

शेतीचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्या शेतीतून हवेत जाणाऱ्या, हवा तापवणाऱ्या वायूंचा हिशोब, म्हटलं की पहिला ट्रॅक्टर आठवतो. बरोबरच आहे, एक लिटर डिझेल जाळलं की पावणेतीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, तेव्हा रोटावेटरची एखादी पाळी वाचत असेल तर जरूर वाचवा. पण खरा घोळ डोळ्याला दिसत नाही, तो युरियात आहे. पिकाला लागत नाही तेवढं नत्र (नायट्रोजन) टाकलं आणि वर जमिनीत पाणी साचलं की जिवाणू त्याचा नायट्रस ऑक्साइड करतात, आणि हा वायू 100 वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 273 पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे विकत आणलेलं खत हवेत, ताप सगळ्यांना.

यासाठी कोणी सक्ती करायची वाट कशाला बघायची? माती परीक्षणाचा रिपोर्ट काढा आणि आकडेमोड करा. समजा शिफारस एकरी 50 किलो नत्राची आहे, तर ते नुसत्या युरियातून द्यायला 109 किलो युरिया लागतो. पण तुम्ही 100 किलो डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं खत) टाकणार असाल तर त्यातूनच 18 किलो नत्र येतं, ते वजा केलं की युरिया 70 किलोच लागतो (हे वजा करायला बरेच जण विसरतात, मीपण विसरायचो). तोही दोन-तीन हप्त्यांत, वाफशावर (जमीन ओलसर पण चिखल नाही अशी असताना), मातीआड करून द्या, मोठा पाऊस तोंडावर असेल तर थांबा.

काडीकचरा जाळू नका, त्यातलं जवळजवळ सगळं नत्र धुरात जातं. गाडायचा असेल तर पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी गाडा, नाहीतर कुजताना तोच नत्र ओढतो आणि पीक पिवळं पडतं. भाताचा पेंढा मात्र पाणी भरायच्या तोंडावर गाडू नका, मिथेन वाढतो, तोही हवा तापवणारा वायूच.

भातवाल्यांनी पाणी सतत भरून ठेवायची सवय सोडायला हरकत नाही. भोकं पाडलेला फूटभर पाइप बांधात नाही, वाफ्यात रोवा, आतलं पाणी जमिनीखाली 15 सेंटीमीटरपर्यंत उतरलं की मगच पुन्हा भरा. मिथेन 30 ते 50 टक्के कमी होऊ शकतो, पंपही कमी चालतो. फक्त लावणीनंतरचे पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्यात हा प्रयोग नको, तेव्हा पाणी उभं पाहिजेच. भरवसा नसेल तर यंदा एकाच वाफ्यात करून बघा, तण तेवढं वेळेवर काढा.