पावसाचा इशारा ड्रायव्हरला कसा कळवायचा: ट्रान्सपोर्ट ऑफिससाठी

हवामान खात्याचा रंगीत नकाशा (पिवळा, नारंगी, लाल असा चढता धोका) ड्रायव्हरांच्या ग्रुपवर ढकलला म्हणजे इशारा पोचला असं नाही. नकाशा जिल्ह्यांचा, गाडी रस्त्यावर. म्हणून आधी रूट जिल्ह्यांत मोडा. पुणे–न्हावा शेवा म्हणजे पुणे, पुणे घाट आणि रायगड. पुण्याच्या घाट भागाचा इशारा वेगळा निघतो. शहर पिवळं आणि घाट लाल असं होऊ शकतं, आणि नुसतं ‘पुणे’ पाहणारा तिथेच फसतो.

दुसरी गफलत तारखेची. खात्याच्या अंदाजातला ‘पहिला दिवस’ मध्यरात्री संपत नाही, दुसऱ्या सकाळी ८:३० ला संपतो. आज रात्री निघून पहाटे ४ ला घाट उतरणाऱ्या गाडीला आजचाच रंग बघायचा, उद्याचा नाही.

मिलिमीटर ऑफिसपुरते ठेवा. २४ तासांत ६४.५ च्या वर जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार. ड्रायव्हरला आकडा नको, हुकूम हवा. आमच्या मते पिवळ्याला वायपर, टायर, ब्रेक तपासून गाडी सोडावी. नारंगीला घाट दिवसाउजेडीच. लाल असेल तर घाट चढू-उतरू देऊ नये.

मेसेज असा:

‘बुधवार रात्री १० ते गुरुवार सकाळी ८:३०. बोरघाट लाल. पुण्याकडून येणाऱ्यांनी तळेगावच्या यार्डात थांबा. इंजिन बंद. पुढचा मेसेज पहाटे ५ ला. तो आला नाही तर निघू नका, ऑफिसला फोन करा.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर मेसेज न येणं म्हणजे रस्ता मोकळा, असं धरलं जातं. वार आणि वेळ नसलेला मेसेज चार दिवसांनी पुन्हा फिरतो, तो त्रास वेगळाच. व्हॉइस नोट मराठीत आणि हिंदीत, दोन्ही पाठवा, पण गाडी उभी असताना ऐकायला सांगा. उत्तरात अंगठा चालणार नाही, ‘कुठे थांबलास?’ याचं उत्तर घ्या.

थांबायची जागा घाटाच्या पायथ्याला किंवा दरडीखाली नको. संडास, जेवण असलेलं यार्ड बघा, नाहीतर ड्रायव्हर थांबत नाही. इंजिन चालू ठेवून उभी अवजड गाडी तासाला साधारण २ लिटर डिझेल पिते. २० गाड्या ४ तास म्हणजे १६० लिटर. लिटरमागे सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ४३० किलोच्या आसपास होतो, तोही जागच्या जागी. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीला तर आणखी भुर्दंड: आयडलिंगला एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साचते आणि ती जाळायला रिजनरेशनमध्ये पुन्हा डिझेल जातं. गाडी लोडिंग पॉइंटवरच रोखता आली तर हे सगळं वाचतं.

राहिली पार्टी, म्हणजे मालाचा ग्राहक. माल पोचायची नवी वेळ त्यांना त्याच मिनिटाला कळवा आणि चौकशीसाठी ऑफिसचा नंबर द्या. पार्टीने थेट ड्रायव्हरला फोन केला, की तो यार्डातून गाडी काढतोच.