व्हॅली फोर्जच्या छावणीला निघण्याआधी

डिसेंबर 1777. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू आहे. फिलाडेल्फिया इंग्रजांच्या हाती गेलंय आणि अमेरिकनांचे सरसेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांची फौज तिथून तीसेक किलोमीटरवर, व्हॅली फोर्जला हिवाळा काढायला निघालीय. या फौजेतल्या साध्या शिपायाने बरोबर काय घ्यावं?

बंदुकीचं नंतर बघू, आधी जोडे. 23 डिसेंबरला वॉशिंग्टन काँग्रेसला, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधी सभेला, कळवतात की 2,898 माणसं कामावर जाऊ शकत नाहीत, कारण पायात जोडे नाहीत की अंगभर कपडे नाहीत. एवढ्या थंडीत अनवाणी! तेव्हा एक जादा जोड, लोकरीचे मोजे आणि जाड घोंगडी, आणि ही घोंगडी कुणाला उसनी द्यायची नाही.

मग दात तपासावेत. काडतुसाचा कागद दातांनीच फाडावा लागतो, त्यामुळे समोरचे वरखाली दोन दात तरी शाबूत हवेत. चिमूटभर दारू चापाजवळच्या खोबणीत, उरलेली नळीत, वर शिशाची गोळी, आणि गजाने ठासायचं. सरावलेला हात मिनिटाला तीन बार काढतो. ठिणगी पाडायला दोन-तीन जादा गारगोट्या ठेवाव्यात. खोबणीतला जाळ नळीत नेणारं भोक काजळीने बुजतं, ते साफ करायला तारेची सुईही. काडतुसांच्या पेटीत ओल शिरली की सगळंच फुकट.

देवी आल्या नसतील तर टोचून घ्याव्यात. लस यायला अजून एकोणीस वर्षं आहेत, म्हणून खऱ्या देवीच्या फोडातलाच पू दंडावरच्या चिरेत भरतात आणि काही आठवडे वेगळं ठेवतात. भीती वाटणारच, पण वॉशिंग्टन यांनी याच वर्षी तसा हुकूम काढलाय, आणि माझ्या मते त्यांचा हा सर्वांत शहाणपणाचा हुकूम.

कागदावर रोज एक रत्तल (अर्ध्या किलोला थोडं कमी) मांस आणि एक रत्तल पीठ मिळतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा नुसतं पीठ पाण्यात कालवून तापल्या दगडावर थापायचं. वर राख चिकटलेली, आत कच्चं. टिनचा पेला नि चमचा पुरे.

कुऱ्हाड मात्र हवीच. 14 बाय 16 फुटांची ओंडक्यांची झोपडी बारा जणांनी मिळून उभी करायची आहे.

शेवटी फावडं. सहा महिन्यांत इथे एकही मोठी लढाई झाली नाही, तरी सुमारे 2,000 माणसं गेली, बहुतेक ज्वर नि हगवणीने. शौचाचे खड्डे झोपड्यांपासून लांब खणावेत, रोज माती लोटावी.