वारसा नको असेल तर हक्कसोड अशी करा

पंचमीला बहिणी माहेरी आल्या की माझ्याकडे गर्दी होते. लातूर जिल्ह्यात मी दस्त लिहितो. “शंभराच्या बाँडवर लिहून नोटरी केली, तरी तलाठी नाव कमी करंना,” ही तक्रार ठरलेली. तलाठ्याचं बरोबर आहे. शेतातला वारसा नाकारायचा तर हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराला सोडल्याचा दस्त, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. 1908 चा नोंदणी कायदा तेच सांगतो.

वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टाच्या जमिनीवर मुलींच्या सह्या घेऊन ठेवणारे हुशार मला दरवर्षी भेटतात. तो कागद चुलीत घाला. जो हक्क अजून मिळालाच नाही, तो सोडणार कसा? मृत्यूनंतर आधी वारस फेरफार (तलाठ्याकडे वारसांच्या नावांची नोंद) करून बहिणींसकट सगळ्यांची नावं सातबाऱ्यावर येऊ द्या, मग दस्ताकडे या.

बापाच्या कर्जाच्या भीतीने आला असाल तर थांबा. तुम्ही स्वतः जामीनदार नसाल, तर त्याच्या कर्जाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते. तुमच्या पगाराला हात लागत नाही.

आता खरी मेख. हक्क कोणाच्या लाभात सोडताय?

माझ्या पहिल्याच दस्तात मी इथे आपटलो, आणि तोही घरचाच. आजोबांनी स्वतः घेतलेली 8 एकर. वारस चार: आजी, पुण्यात नोकरीला असलेले माझे वडील, शेत कसणारे काका आणि आत्या. प्रत्येकी 2 एकर. आत्याला आपला हिस्सा काकांना द्यायचा होता. मी जुना मसुदा समोर ठेवून ‘इतर सर्व वारसांच्या लाभात’ असं लिहून मोकळा. आत्याच्या 80 गुंठ्यांचे तीन भाग पडले, काकांना जेमतेम पावणेसत्तावीस मिळाले आणि तेवढेच माझ्या वडिलांना. काका काही बोलले नाहीत, काकू अजून बोलतात. नोंदलेला दस्त एकट्याच्या मर्जीने फिरत नाही; शेवटी आजीला आणि वडिलांना काकांच्या लाभात वेगळे दस्त करून द्यावे लागले. वडिलांना रजा मिळेपर्यंत वर्ष गेलं.

म्हणून दस्तात लाभ घेणाऱ्याचं पूर्ण नाव, गट नंबर आणि सोडलेला हिस्सा लिहा. तो माणूस त्या मिळकतीत सहहिस्सेदार हवा. भाऊ जिवंत असताना पुतण्याच्या नावे ‘हक्कसोड’ करायला लोक येतात. ती हक्कसोड नव्हे, त्याला बक्षीसपत्र लागतं आणि मुद्रांकाचा हिशेब बदलतो. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, वारसाचा हक्क न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडू नका. आणि बहिणीला मी एकटीला बाजूला बसवून विचारतो. ती भावाच्या तोंडाकडे बघायला लागली, तर मी त्या दिवशी लिहीत नाही.

बाकीचं सोपं आहे. वडिलोपार्जित मिळकत मोबदला न घेता सख्ख्या भावंडांना, आईवडिलांना, मुलांना किंवा जोडीदाराला सोडली तर मुद्रांक 500 रुपये. ऑक्टोबर 2024 पर्यंत 200 होता. दोन साक्षीदार, ओळखपत्रं, मृत्यू दाखला, सातबारा घेऊन जा. सूची 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा, ताब्यात घ्या, फेरफाराची नोटीस निघेल, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतील. मग नवा सातबारा काढून नाव खरंच कमी झालंय का ते बघा.