पेरिप्लसमधले कल्याण शोधताना : ग्रीक-रोमन अभ्यासासाठी ऑनलाइन संदर्भसाधने

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तिकेतील ५२व्या परिच्छेदात सोपारा आणि कल्याण ही बंदरे येतात. कल्याणच्या व्यापारावर पुढे निर्बंध आले आणि तेथे योगायोगाने पोहोचलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही तेथे म्हटले आहे. हे निर्बंध कोणी आणि का घातले, या प्रश्नाचा मागोवा ग्रंथालयांच्या ऑनलाइन साधनांतून कसा घ्यावा, ते येथे मांडले आहे.

पहिली चूक बहुतेकांची एकच होते : जेस्टोर उघडून शोधचौकटीत ‘कल्याण’ लिहिणे. जेस्टोर हा नियतकालिकांचा संग्रह आहे, विषयाची संदर्भसूची नव्हे. शिवाय अनेक नियतकालिकांचे अलीकडच्या काही वर्षांचे अंक तेथे नसतात. सुरुवात संदर्भसूचीपासूनच करावी. ग्रीक-रोमन अभ्यासात हे काम ‘लाने फिलोलोजिक’ ही फ्रेंच सूची करते. १९२४ पासूनच्या प्रकाशनांची नोंद तिच्यात लेखकवार आणि विषयवार मिळते. तिला वर्गणी लागते. ती आपल्या विद्यापीठात नसेल, तर जर्मन पुरातत्त्व संस्थेची ‘झेनॉन’ ही ग्रंथसूची कोणालाही मोफत पाहता येते. येथे जर्मन, फ्रेंच आणि इटालियन लेखांच्या नोंदी मोठ्या संख्येने दिसतील. त्या वगळू नयेत, कारण या विषयातील बराचसा वाद त्याच भाषांत झालेला आहे.

शोधशब्द ठरवताना स्थलनामांच्या सर्व रूपांची यादी आधी कागदावर करावी. कल्याणचे रोमन लिपीतील रूप काही अभ्यासक ‘के’ने लिहितात, काही ‘सी’ने, सोपाऱ्याचीही तीच गत. शोधचौकटीत पर्यायी रूपे ‘ऑर’ने (OR, म्हणजे यांपैकी कोणतेही) जोडावीत आणि ग्रंथाचे नाव ‘अँड’ने (AND, म्हणजे दोन्ही हवेत) त्यांच्याशी बांधावे. जुन्या स्कॅनमधील ग्रीक अक्षरे संगणक बहुधा चुकीची वाचतो, म्हणून अशा लेखांत ग्रीक लिपीतून शोधल्यास निकाल शून्य आला तरी त्यावर विसंबू नये.

मूळ ग्रीक मजकुरासाठी ‘थेसॉरस लिंग्वे ग्रेके’ हे कोठार आहे. संपूर्ण कोठाराला वर्गणी लागते, परंतु लिडेल आणि स्कॉट यांचा ग्रीक कोश त्याच संकेतस्थळावर मोफत आहे. टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’वर अनेक ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांतील शब्दावर टिचकी मारली की त्याचे व्याकरण आणि अर्थ उघडतो, ज्याचा ग्रीक नुकतीच शिकू लागलेल्याला फार आधार वाटतो. पेरिप्लसचे शॉफ यांनी केलेले १९१२ चे इंग्रजी भाषांतर इंटरनेट आर्काइव्हवर आहे. मात्र आधार म्हणून कॅसन यांची १९८९ ची आवृत्तीच घ्यावी. शॉफ यांच्या टीपा वाचनीय आहेत, पण त्या शंभर वर्षांहून जुन्या आहेत. संदर्भ देताना पृष्ठक्रमांकाऐवजी परिच्छेदक्रमांक द्यावा. तो सर्व आवृत्त्यांत सारखा राहतो.

त्या काळी दख्खनवर राज्य करणाऱ्या सातवाहनांच्या बाजूचा पुरावा नाणी आणि शिलालेखांत आहे, आणि तो या परदेशी साधनांत तुटपुंजा सापडतो. त्यासाठी ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांच्या ऑनलाइन प्रबंधसंग्रहातील प्रबंध चाळावेत; प्रबंध कच्चा असला तरी त्याची संदर्भसूची पुष्कळदा कामाची निघते. शासकीय उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेतून सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत, तेव्हा लेखासाठी पैसे मोजण्याआधी ग्रंथपालांना विचारावे. संस्थेबाहेरच्या वाचकाला जेस्टोरवर मोफत नोंदणी करून दरमहा मर्यादित लेख वाचता येतात.

एक महत्त्वाचा लेख हाती आला की त्याच्या तळटीपांतून मागे जावे आणि त्यानंतर त्याला कोणी उद्धृत केले, हे गूगल स्कॉलरवर पाहून पुढे यावे. याच वाटेने जाता लक्षात येते की पेरिप्लसच्या ५२व्या परिच्छेदात निर्बंधांच्या प्रसंगी ज्याचे नाव येते तो ‘सन्दानेस’ कोण, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. अशा ठिकाणी छापील पाठावर न थांबता हस्तलिखित पाहावे : पेरिप्लसची दहाव्या शतकातील प्रत हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि तिची छायाचित्रे ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत पाहता येतात.