सोसायटीचा खतप्रकल्प नेमका कुठे अडतो? या चुका टाळा

पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये, मागच्या बाजूला जनरेटरच्या शेजारी, ओल्या कचऱ्याचं एक बंद पडलेलं यंत्र असतं. त्याच्यावर आता झाडू आणि रंगाचे रिकामे डबे ठेवलेले असतात. विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘वास यायला लागला, लोकांनी तक्रारी केल्या.’ वास नंतरचा. घोळ आधीच, समितीच्या बैठकीत झालेला असतो.

यंत्रांची कोटेशनं मागवणं सोपं. रोज सकाळी बादल्या कोण ओतणार, तो रजेवर गेला तर कोण, त्याला या कामाचे वेगळे किती द्यायचे, हे ठरवणं त्रासाचं. म्हणून समिती सोपं काम आधी उरकते. त्यातून ‘24 तासांत खत’ म्हणणारी यंत्रं बहुतेक वेळा कचरा तापवून वाळवतात. ती भुकटी म्हणजे खत नव्हे. कुंडीत घालून पाणी दिलं की पुन्हा कुजायला लागते. मूठभर माल ओला करून पिशवीत तीन-चार दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार. नाक मुरडावं लागलं तर मुरू द्या.

खड्ड्यात किंवा ढिगात खत करत असाल तर वासालाही भाषा असते. अमोनियाचा झणझणीत वास म्हणजे कोरडा माल कमी पडतोय. कोरड्या मालातला कार्बन आणि ओल्या कचऱ्यातला नायट्रोजन यांचं प्रमाण 25 ते 30 ला 1 असं हवं, आणि नुसत्या भाजीच्या देठांनी ते साधत नाही. वाळका पाला, भुसा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) लागतंच. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे आत चिखल झालाय, हवा नाही, उलथापालथ करा. मूठ आवळली की एखाद-दुसरा थेंब यावा, एवढाच ओलावा. चपट्या, करड्या अळ्या दिसल्या म्हणून कोणी फवारा मारू नये, त्या आपलंच काम करत असतात. आणि हो, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाला पेटवून द्यायचा आणि जुलैत कोकोपीट विकत आणायचं, हा उद्योग थांबवा. पोत्यांत भरून ठेवलेला पाला पावसाळा काढतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक सुक्या कचऱ्यात होते. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेबरोबर काम करते. घरटी मिळणारं शुल्क आणि विकलेलं भंगार, यावर कचरावेचकाची कमाई चालते. सोसायटी पुठ्ठे, बाटल्या आणि रद्दी परस्पर भंगारवाल्याला विकते आणि चिप्सची पाकिटं, थर्माकोल तेवढं कचरावेचक ताईंसाठी ठेवते. मग ताई वर्गीकरणात जीव ओतत नाहीत म्हणून तक्रार! हिशेब पाहा ना, त्यांच्या वाट्याला काय ठेवलंत? कमिटीतल्या कुणालाही पटत नसेल तर महिनाभराच्या पुठ्ठ्यांचे पैसे आणि ताईंना दिलेलं शुल्क शेजारी-शेजारी लिहून फलकावर लावा. बैठकीला त्यांनाही बोलवा. कोणत्या मजल्यावरून डायपर ओल्या बादलीत येतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

खताचं पुढे काय, हा प्रश्न बहुधा पोती साचल्यावर सुचतो. रोज 50 किलो ओला कचरा धरला तर महिन्याला दीड टन, आणि त्याचं साधारण 250 ते 300 किलो खत होतं. बागेला तेवढं लागत नाही. शेतकऱ्याशी बोलणं सुरुवातीलाच झालेलं बरं. त्याला खत पेरणीच्या आधी, मे महिन्यात हवं असतं. आपल्याकडे ते बारा महिने तयार होतं. तेव्हा कोरडी जागा आणि ताडपत्री धरूनच आखणी करा. चाळणी बारीक ठेवा. शेतात माणसं अनवाणी चालतात. खतात एक ब्लेड निघालं की पुढच्या वर्षी शेतकऱ्याची ट्रॉली येत नाही.