इटलीत स्वतः गाडी चालवणार? मग या चुका टाळा

इटलीतली जुनी गावं बघायची तर ती बहुतेक तटबंदीच्या आत असतात, आणि पर्यटकांच्या घरी येणारी दंडाची बरीचशी पत्रंही तिथलीच असतात. म्हणून पहिला नियम: देवळात जाताना चप्पल बाहेर काढतो, तशी गाडी वेशीबाहेर ठेवायची. पुढच्या निम्म्या अडचणी त्यानेच टळतात.

हॉटेल गावात आहे म्हणून गाडी थेट गावात नेणं

रोम, फ्लॉरेन्स, सिएना, पिसा, लुका अशा शहरांच्या जुन्या भागात मर्यादित वाहतुकीचे पट्टे आहेत. तिथे सगळे त्यांना झेडटीएल म्हणतात. खुणेची पाटी म्हणजे पांढऱ्या वर्तुळाला लाल कडा. ना फाटक, ना शिट्टी मारणारा हवालदार. कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि आपण मजेत पुढे जातो. काही ठिकाणी दिव्यांची पाटी असते. तिच्यावर ‘वार्को अत्तीव्हो’ दिसलं की कॅमेरा चालू आहे आणि बिनपरवाना आत जायचं नाही. सवयीने ‘अ‍ॅक्टिव्ह आहे, म्हणजे रस्ता खुला’ असं समजणारे इथे हमखास फसतात. फोनवरच्या नकाशावरही विसंबू नका. तो जवळचा रस्ता दाखवतो आणि तो नेमका या पट्ट्यातून जातो.

दंड काही महिन्यांनी येतो. त्याआधी भाड्याच्या गाडीची कंपनी आपल्या कार्डावरून रक्कम कापते. ती फक्त आपलं नाव-पत्ता पोलिसांना कळवण्याची फी असते, दंड त्यावर वेगळा. ‘पैसे कापले, विषय संपला’ असं समजून नंतर आलेलं पत्र बाजूला टाकू नका.

चुकून आत शिरलातच तर गोंधळून त्याच गल्ल्यांत घिरट्या घालू नका. प्रत्येक कॅमेऱ्याची नोंद वेगळी आणि दंडही वेगळा होऊ शकतो. सरळ बाहेर पडा. हॉटेल त्या पट्ट्यात असेल तर गाडीचा नंबर त्यांना कळवा आणि नोंद झाल्याचं लेखी मागून घ्या. तोंडी ‘हो हो’ पुरेसं नाही.

पार्किंग शेवटच्या क्षणी शोधणं

खरं तर इटलीने याची सोय झकास केलेली आहे. ओर्व्हिएतो कड्यावर वसलंय, पण खाली कांपो देल्ला फिएरा इथे गाडी लावली की सरकते जिने आणि लिफ्ट वर नेतात. सिएनातही सांता कातेरीनाच्या बाजूने सरकते जिने आहेत. फ्लॉरेन्ससाठी ए-1 महामार्गावरचं व्हिला कोस्तान्झा गाठा. महामार्ग न सोडता गाडी लावायची आणि ट्रामने शहरात जायचं. सगळ्यात भारी पेरुजा. पार्तिजानी चौकातल्या पार्किंगमधून वर जाणारे सरकते जिने रोक्का पाओलीना या किल्ल्याच्या पोटातून जातात. सोळाव्या शतकात पोप तिसऱ्या पॉलने शहराची एक वस्तीच बांधकामाखाली गाडून तो उभारला. त्या जुन्या गल्ल्या आजही तिथे चालत बघता येतात, तेही फुकट.

रस्त्याकडेला गाडी लावताना निळे पट्टे म्हणजे पैसे भरा, पांढरे बहुधा मोफत, पिवळे आपल्यासाठी नाहीत. सामान मागच्या सीटवर दिसेल असं ठेवून बघायला जाऊ नका.

पहिल्या दिवसापासून गाडी घेणं

रोम आणि फ्लॉरेन्समध्ये गाडी म्हणजे निव्वळ ओझं. शहर पायी पाहा आणि निघायच्या दिवशी गाडी ताब्यात घ्या. फ्लॉरेन्सचा मुक्काम सोमवारी नको, त्या दिवशी उफित्सी हे तिथलं प्रसिद्ध कलासंग्रहालय बंद असतं. लहान गावांतली चर्चेस दुपारी कुलपात असतात, तो वेळ जेवणाला द्या.

फक्त रेल्वेवाली ठिकाणं गाडीने करणं

मग गाडी घेतलीत कशाला? रेल्वे जात नाही अशी गावं हाच तिचा फायदा. आपल्यासाठी त्यातलं एक म्हणजे पेरुजाच्या उत्तरेला टेकडीवर वसलेलं मोंतोने. दुसऱ्या महायुद्धात, 10 जुलै 1944 रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे लढता लढता पडले. ते ब्रिटिश भारतीय सैन्याच्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक या हुद्द्यावर होते. तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाल्यावर त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. मोंतोनेत त्यांच्या स्मरणार्थ 2023 मध्ये सूर्यघड्याळ उभारलं गेलं. रोमहून दक्षिणेला जाणार असाल तर कासिनोच्या युद्धस्मारकावरही त्यांचं नाव आहे.

उरलेल्या किरकोळ, पण महागात पडणाऱ्या

आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो. तो आणि मूळ लायसन्स दोन्ही जवळ हवेत. ऑटोमॅटिक गाडी आधीच सांगून ठेवा, नाहीतर गिअरची मिळेल, तीही रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची.

पंपावर ‘गाझोलियो’ म्हणजे डिझेल. पेट्रोल ‘बेन्झीना’. चुकीचं भरलं गेलं तर इंजिन सुरूच करू नका, कंपनीला फोन करा.

टोलनाक्यावर पिवळी ‘टेलेपास’ मार्गिका टाळा, ती आपल्या फास्टॅगसारखं यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठी असते. तरीही शिरलात तर मागे घेऊ नका, तो फार मोठा गुन्हा आहे. मदतीचं बटण दाबा. यंत्रातून टोल न भरल्याची पावती मिळते, ती घेऊन पुढे जा आणि 15 दिवसांत ऑनलाइन पैसे भरा.